मुलगा डिफेन्सिव्ह खेळतो, की त्याचा डिफेन्स कच्चा आहे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मुलगा तेरा वर्षांचा, शाळेकडून आणि क्लबकडून खेळतो, तिसऱ्या-चौथ्या क्रमांकावर फलंदाजीला येतो. शाळेचे सर म्हणतात, ‘फार डिफेन्सिव्ह खेळतो, जरा मोकळा खेळायला सांगा.’ क्लबचे कोच म्हणतात, ‘डिफेन्स कच्चा आहे, आधी तो पक्का करू.’ मग ऐकायचं कुणाचं? शिवाय जाता जाता तुम्ही लिहिलंय की घरी खेळाबद्दल काही बोलायला गेलं की तो लगेच डिफेन्सिव्ह होतो.

सर बोलतायत इराद्याबद्दल, कोच बोलतायत तंत्राबद्दल आणि तुम्ही बोलताय स्वभावाबद्दल. एकच शब्द, पण तिघांचं बोट तीन वेगळ्या जागी आहे. त्यामुळे सर आणि कोच एकमेकांच्या विरुद्ध बोलतायत असं तुम्हाला वाटतंय ते बहुधा खरं नाही. दोघंही बरोबर असू शकतात. या वयोगटातली पोरं मी बरीच वर्षं शिकवतोय आणि ही जोडगोळी कायम दिसते: ज्याचा डिफेन्स कच्चा, तोच जास्त डिफेन्सिव्ह खेळतो. स्वतःच्या थोपवण्यावर भरवसा नसतो, म्हणून प्रत्येक चेंडूवर जीव टांगणीला लागतो, आणि मग मारण्याजोगा अर्धा टप्पासुद्धा (हाफ व्हॉली) पोरगा ढकलून देतो. ज्याला खात्री असते की चांगला चेंडू आला तर आपण तो पायाशीच थोपवू, तो वाईट चेंडूची मजेत वाट बघतो.

मी तुमच्या मुलाला खेळताना पाहिलेलं नाही, तेव्हा काही गोष्टी आधीच सांगून टाकतो. सामना किती षटकांचा आहे यावर बरंच अवलंबून आहे. शाळेचा सामना वीस षटकांचा असेल तर संघाला मिळून १२० चेंडू मिळतात. त्यातले चाळीस एकट्याने खाऊन बारा धावा केल्या, तर सरांची तक्रार रास्त आहे. क्लबचा सामना दोन दिवसांचा असेल आणि दोन गडी लवकर गेलेले असतील, तर त्याच चाळीस चेंडूंत बारा धावांवर कोच पाठ थोपटतील. विकेट, म्हणजे खेळपट्टी, मॅटिंगची (चटई अंथरलेली) आहे की मातीची, यानेही फरक पडतो. मॅटवर चेंडू उंच उडतो, आणि अंगाने लहान मुलाच्या तो थेट बरगड्यांशी येतो. तिथे बॅकफूटचा डिफेन्स नसेल तर कुठलंच पोरगं मोकळं खेळणार नाही, सर कितीही ओरडले तरी.

आधी तंत्राचं बघू, कारण बाकी सगळं त्याच्यावर उभं आहे.

फॉरवर्ड डिफेन्स म्हणजे पुढचा पाय टाकून बॅट आडवी धरणं नव्हे, हे पालकांना सांगावं लागतं. बांधावर बसून तो फटका दिसतो फार साधा, म्हणून तो सोपा वाटतो. त्यात पहिलं येतं ते डोकं. डोकं चेंडूच्या रेषेवर आणि पुढच्या गुडघ्याच्या वर हवं. डोकं ऑफला कललं की तोल जातो आणि बॅट पॅडला वळसा घालून येते. मग बॅट आणि पॅड यांच्यात फट पडते. आत येणारा चेंडू त्या फटीतून यष्ट्यांवर जातो तेव्हा पोरगं मागे वळून असं बघतं, जणू चेंडूनेच लबाडी केली. बॅटचा दांडा पुढे आणि पातं किंचित मागे असं असलं की चेंडू खालीच जातो. हे उलटं झालं की शॉर्ट लेग आणि सिली पॉइंट या फलंदाजाला खेटून उभ्या क्षेत्ररक्षकांची चंगळ.

दुसरं म्हणजे हात. बॅट वरच्या हाताने चालवायची असते. खालचा हात फक्त अंगठा आणि दोन बोटं टेकवून सोबतीला. आमच्याकडे बहुतेक पोरं टेनिस बॉलवर वाढलेली असतात. सोसायटीच्या आवारात वीस यार्ड कुठे मिळतात! तिथे खालचा हात घट्ट धरून ओढलं की चेंडू भिंतीपार, आणि तीच सवय लेदर बॉलला येते. घट्ट हातांनी थोपवलेला चेंडू हवेत तीन-चार पावलं पुढे जातो. सैल हातांनी थोपवलेला पायाशीच मरतो. फिरकीला तर यावरच सगळा खेळ आहे. १९८७ साली बंगळुरूला पाकिस्तानविरुद्ध सुनील गावसकर त्यांच्या शेवटच्या कसोटीत ९६ धावा करून गेले. चेंडू हातभर वळत होता, भारताला २२१ करायच्या होत्या आणि आपण १६ धावांनी हरलो. त्या डावाची चित्रफीत मुलाला दाखवा आणि फटके बघायला सांगू नका. थोपवलेले चेंडू किती जवळ पडतायत ते बघायला सांगा.

तिसरं, चेंडू उशिरा खेळणं. तो डोळ्यांखाली आला की मगच. पोरं बॅट घेऊन चेंडूला भेटायला जातात. तिथे चेंडूने टप्पा पडल्यावर थोडी जरी दिशा बदलली तरी कड लागते. शिवाजी पार्क असो की आझाद मैदान, पावसाळ्यात कांगा लीग बघायला गेलात तर हे एका दुपारी कळेल. ही स्पर्धा १९४८ पासून ऐन पावसात खेळवली जाते. ओल्या विकेटवर चेंडू कधी थांबून येतो, कधी उसळतो, आणि जो चेंडूला भेटायला जातो तो तासाभरात तंबूत परततो. मुंबईच्या फलंदाजांना जे ‘खडूस’ म्हणतात, त्यातला बराचसा खडूसपणा असल्या विकेटवर तयार झालाय असं माझं मत आहे.

बॅकफूट डिफेन्सबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तो वाचून येत नाही. मागचा पाय मागे आणि ऑफकडे, क्रीजला समांतर. वरच्या हाताचं कोपर उंच, आणि चेंडू छातीशी असेल तर टाचा उचलून त्याच्यावर यायचं. बहुतेक पोरं मागे जायच्या ऐवजी लेगला सरकतात. ते तंत्र नव्हे, ती भीती. लेदर बॉल लागतो तेव्हा खरंच दुखतं, त्यामुळे भीतीची टिंगल करू नका. हेल्मेट आणि थायपॅड नीट बसतात की नाही ते आधी बघा. मोठ्या भावाचं सैल हेल्मेट घालून कुणीच चेंडूच्या मागे जात नाही.

आता इराद्याकडे. सरांची तक्रार इथली आहे.

एक जुना आणि एक नवा डाव शेजारी ठेवून बघा. १९७५ च्या पहिल्या विश्वचषकात लॉर्ड्सवर इंग्लंडने ६० षटकांत ३३४ केल्या. गावसकर सलामीला आले, डाव संपेपर्यंत टिकले आणि १७४ चेंडूंत नाबाद ३६ करून परतले. भारताच्या ३ बाद १३२ झाल्या आणि आपण २०२ धावांनी हरलो. जानेवारी २०२१ मध्ये ब्रिस्बेनच्या गॅबावर शेवटच्या दिवशी चेतेश्वर पुजाराने २११ चेंडूंत ५६ केल्या. धावांचा वेग काढलात तर दोन्ही डाव फार लांब नाहीत: शंभर चेंडूंना एकात एकवीसच्या आसपास, दुसऱ्यात सव्वीस-सत्तावीस. पहिल्या डावाची आजही चेष्टा होते, दुसऱ्याचं नाव लोक आदराने घेतात.

तंत्रात गावसकर कुणाला हार जाणारे नव्हते. फरक होता तो कामाचा. ६० षटकांत ३३५ हव्या असताना टिकून राहण्याला किंमतच नव्हती. गॅबाला मात्र टिकण्यालाच किंमत होती. ३२८ धावा करायच्या होत्या, ऑस्ट्रेलिया त्या मैदानावर १९८८ नंतर कसोटी हरलेली नव्हती, आणि कमिन्स-हेझलवूड-स्टार्क या त्यांच्या जलद गोलंदाजांना दमवल्याशिवाय मागच्यांना मारायला मोकळीक मिळणार नव्हती. पुजाराने अंगावर चेंडू घेतले, एक टोक धरून ठेवलं. एका बाजूने शुभमन गिलने ९१ केल्या, पुढे ऋषभ पंतने नाबाद ८९ करून सामना काढला. पुजाराचा डाव संथ होता, डिफेन्सिव्ह म्हणता येणार नाही, कारण तो जिंकण्याच्या हिशेबातला होता.

सांगायचं असं की संथ खेळणं हा दोष नाही. चेंडू यायच्या आधीच ‘हा थोपवायचा’ असं ठरवून टाकणं, हा दोष आहे. ताशी १०० किलोमीटरने आलेला चेंडू हातातून सुटल्यावर पाऊण सेकंदाच्या आत बॅटपाशी पोचतो. एवढ्या वेळात टप्पा ओळखून पाय हलवायचा असतो, तेव्हा घाबरलेलं पोरगं निर्णय आधीच घेऊन मोकळं होतं. तो निर्णय कधी ‘थोपवायचा’ असा असतो, कधी ‘मारायचा’ असा. आडवीतिडवी बॅट फिरवून तिसऱ्या चेंडूवर आऊट होणारा पोरगा आणि अर्धा टप्पा ढकलणारा पोरगा मला तरी एकाच जातीचे वाटतात. म्हणूनच ‘मोकळा खेळ’ एवढं सांगून काही होत नाही. तो घाबरून थोपवत असेल तर उद्या घाबरून मारेल.

मधली एक जागा लोक विसरतात, ती म्हणजे एकेरी धाव. चांगला चेंडू सैल हातांनी थोपवला की तो विकेटच्या आसपास पडतो, आणि कव्हर किंवा मिडविकेटचा क्षेत्ररक्षक मागे असेल तर तिथे एक धाव असते. म्हणजे पक्का डिफेन्स धावासुद्धा देतो. त्यासाठी नॉन-स्ट्रायकरशी बोलावं लागतं आणि फिल्डिंग कशी लागली आहे ते बघावं लागतं. दर चेंडूआधी सगळी फिल्डिंग नजरेखालून घालणारी पोरं या वयात थोडीच सापडतात. ज्यांना ही सवय असते ती पुढे जातात.

फिल्डिंगचा विषय निघालाच आहे तर हा शब्द गोलंदाजीतही कसा चालतो ते सांगतो, कारण तुमचा मुलगा कधीतरी कर्णधारही होईल. ‘डिफेन्सिव्ह फील्ड’ म्हणजे स्लिप काढून सीमेवर माणसं लावणं. चौकार अडतात, पण एकेरी धावा फुकट मिळतात. असं फील्ड समोर दिसत असूनही मुलगा चेंडू ढकलत बसला असेल, तर सरांचं बोलणं शंभर टक्के बरोबर धरा. डिफेन्सिव्ह गोलंदाजीचं सगळ्यांना आठवणारं उदाहरण २००१ च्या डिसेंबरातलं, बंगळुरू कसोटीतलं. इंग्लंडचा कर्णधार नासिर हुसेनने डावखुरा फिरकी गोलंदाज ॲशली जाइल्सला ओव्हर द विकेट, लेगस्टंपच्या बाहेर खरबरीत जागेत टाकायला लावलं. लेगच्या बाहेर टप्पा पडलेल्या चेंडूवर पायचीत मिळतच नाही, म्हणजे गडी बाद करण्याचा एक मार्ग गोलंदाजाने स्वतःहून सोडलेला. तरी सचिन तेंडुलकर वैतागून पुढे आला आणि ९० वर यष्टिचीत झाला, कसोटीत पहिल्यांदाच. समालोचकांनी नाकं मुरडली, पण विकेट मिळाली. मला ती गोलंदाजी बघायला आवडली नव्हती. खेळाच्या नियमांत मात्र ती पूर्ण बसत होती.

आणि आपले नाशिकचे बापू नाडकर्णी! १९६४ च्या जानेवारीत मद्रासला इंग्लंडविरुद्ध ३२ षटकं, २७ निर्धाव, ५ धावा, एकही बळी नाही. त्यात सलग २१ षटकं निर्धाव. सरावात विकेटवर नाणं ठेवून त्यावर टप्पा टाकायचे असं सांगतात. याला नकारात्मक गोलंदाजी म्हणणारे आहेत. मला विचाराल तर समोरच्या फलंदाजाचा जीव घुसमटवणं हा हल्लाच आहे. बळी अशा वेळी बहुधा दुसऱ्या टोकाच्या गोलंदाजाला मिळतो.

आता तुमच्या कामाचं. सर बरोबर की कोच, हे मला न विचारता तुम्हालाच शोधता येईल. पुढच्या काही सामन्यांत एक वही घेऊन बसा. मुलाच्या प्रत्येक निर्धाव चेंडूची नोंद करा. चांगला चेंडू थोपवला तर टिंब. मारण्याजोगा चेंडू थोपवला तर फुली. मारला पण थेट क्षेत्ररक्षकाकडे गेला तर गोल. आणि आऊट कसा झाला ते शब्दांत लिहा, नुसतं ‘त्रिफळा’ नको. बॅट-पॅडमधून गेला, आतली कड लागून गेला की चेंडू सरळ असताना हुकला, हे लिहा.

फुल्या जास्त असतील तर सरांचं म्हणणं खरं. फुल्या कमी, पण तो वारंवार बॅट-पॅडच्या फटीतून त्रिफळाचीत, पायचीत किंवा शॉर्ट लेगला झेलबाद होत असेल तर कोचचं खरं. दोन्ही असेल, आणि माझा अंदाज तोच आहे, तर आधी कोचकडचं काम. गोल जास्त असतील तर चिंता सोडा. तो चेंडू मारतोय, फक्त जागा शोधायला शिकायची आहे, आणि ते वयाबरोबर येतं.

घरी करता येण्याजोगा एक सराव देतो. साताठ पावलांवरून हाताखालून चेंडू टाका. मुलाने फक्त वरच्या हाताने बॅट धरून थोपवायचं, खालचा हात पाठीमागे. बॅट जड असेल तर दांड्यावर हात जरा खाली घेऊ दे. चेंडू त्याच्यापासून दोन पावलांत थांबला पाहिजे. हे जमलं की दोन्ही हात लावायचे, पण नियम तोच. मग मधेच, न सांगता, एखादा अर्धा टप्पा टाका. तो मारलाच पाहिजे. पंधरा-वीस मिनिटं पुरे. रोज तासभर केलंत तर तो कंटाळेल आणि मग वेगळाच प्रश्न घेऊन तुम्ही याल.

राहिलं त्याचं घरी डिफेन्सिव्ह होणं. यात मी तज्ज्ञ नाही, पण पोरांशी बोलणं हा माझ्या कामाचा अर्धा भाग आहे, म्हणून लिहितो. आऊट होऊन आलेल्या मुलाशी परतीच्या गाडीत बोलू नका. पॅड काढून तासही झालेला नसतो आणि ‘तो चेंडू का ढकललास?’ सुरू होतं. त्याला तो प्रश्न वाटत नाही, आरोप वाटतो. मग तो विकेट खराब होती, चेंडू खाली राहिला, अंपायरने चुकीचं दिलं असं काहीतरी सांगणार. त्यातलं काही खरंही असेल! दोन दिवसांनी वही काढा आणि ‘तुला तो चेंडू कसा दिसला?’ असं विचारा. टप्पा कुठे होता, पाय कुठे होता, एवढंच. फोनवर घेतलेलं चित्रीकरण असेल तर त्याच्या हातात द्या आणि आधी त्यालाच बोलू द्या. बहुतेक मुलं स्वतःची चूक आपल्यापेक्षा आधी पकडतात. ‘तू घाबरतोस’ असं मात्र म्हणू नका. पाय कुठे पडला हे बदलता येतं, घाबरट हा शिक्का त्याने कसा पुसायचा?

सर आणि कोच यांच्याशीही एकदा बोला, शक्य तर वेगवेगळं. सरांना विचारा, ‘कुठल्या चेंडूवर त्याने मारायला हवं होतं?’ कोचना विचारा, ‘पुढच्या पायावर अडचण आहे की मागच्या?’ दोघांनी नेमकं उत्तर दिलं तर समजा की दोघांचंही लक्ष आहे. ‘ॲटिट्यूड हवा’ असलं काही मोघम ऐकू आलं तर पुन्हा विचारायला लाजू नका.

महिनाभराच्या नोंदी झाल्या की इथेच टाका. फुल्या फिरकीवर जास्त पडल्यात की जलद गोलंदाजीवर, तेही लिहा. फिरकीवर असतील तर बहुतेक वेळा पाय क्रीजमध्येच अडकलेला असतो, धड पुढे नाही आणि धड मागे नाही, आणि त्यावर वरचा एका हाताचा सराव पुरणार नाही. त्याला चेंडूच्या टप्प्यापर्यंत पुढे सरकायला शिकवावं लागेल, त्यासाठी कुणीतरी खरी फिरकी टाकणारा लागेल.